‘पर्यंत’ न कळणारे इंग्रजी तपासणारे ॲप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत पेढीत मी पत्रव्यवहार पाहतो. परराज्यांतील आणि परदेशांतील खरेदीदारांना रोज इंग्रजी ईमेल जातात, म्हणून मी स्वतःच्या खिशातून २,४०० रुपये भरून या ॲपची वार्षिक वर्गणी घेतली. आपण लिहिलेले इंग्रजी वाक्य ते तपासते, चूक दिसली तर रेघ मारून दुरुस्ती सुचवते आणि सगळे ठीक वाटले तर हिरवी खूण देते. पहिले काही महिने मी पूर्ण समाधानी होतो. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ त्याने काढायला लावला, आणि डोक्यात ‘दोन वर्षांपासून’ असल्यामुळे मी वर्षानुवर्षे लिहीत आलेले ‘सिन्स टू इयर्स’ बदलून ‘फॉर टू इयर्स’ करून दिले. एवढ्यानेच पैसे वसूल झाले, असे तेव्हा वाटत होते.

मार्चमध्ये एका खरेदीदाराला साठ पोत्यांचा लॉट २० तारखेपर्यंत राखून ठेवतो, असे कळवायचे होते. मी लिहिले, ‘वी विल रिझर्व्ह द लॉट फॉर यू बाय ट्वेंटीएथ मार्च.’ ॲपने एकही रेघ न मारता हिरवी खूण दिली. खरेदीदाराने मात्र त्याचा अर्थ असा घेतला की, राखून ठेवण्याचे काम आम्ही २० तारखेच्या आत उरकू आणि त्यानंतर माल त्याचाच राहील. त्याने २४ तारखेला आगाऊ रक्कम पाठवली. आम्ही तो लॉट २१ तारखेच्या सौद्यात विकून मोकळे झालो होतो. मालकांनी त्याच प्रतीचा दुसरा माल देऊन त्याची समजूत काढली, पण दरातला फरक पेढीला सोसावा लागला. मला हवा असलेला शब्द ‘अनटिल’ होता.

मी ग्राहक सेवेला तीन वेळा लिहिले. तिन्ही वेळा उत्तर एकच आले : वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे, वर्गणी परत मिळणार नाही. त्या दिवशी हा अनुभव लिहिला असता, तर एकही तारा दिला नसता.

महिनाभर विचार केल्यावर मात्र त्यांच्या उत्तराचा पहिला भाग मला मान्य करावा लागला. ‘बाय’ घातले तरी वाक्य बरोबर आहे आणि ‘अनटिल’ घातले तरी बरोबर आहे. फक्त ती दोन निरनिराळी वचने आहेत. आपण मराठीत ‘सोमवारपर्यंत थांबा’ आणि ‘सोमवारपर्यंत पैसे भरा’ एकाच ‘पर्यंत’ने म्हणतो. इंग्रजी मात्र इथे वाट वेगळी करते : थांबणे सोमवार येईतो चालू राहते, म्हणून तिथे ‘अनटिल’, पैसे भरणे एकदाच, सोमवार उलटण्यापूर्वी कधीही होते, म्हणून तिथे ‘बाय’. शिवाय ‘मिरजेपर्यंत’ला ‘अ‍ॅज फार अ‍ॅज’ आणि ‘पन्नास पोत्यांपर्यंत’ला ‘अप टू’ लागते, ते निराळेच.

आता मी ईमेल पाठवण्यापूर्वी वाक्य मनात मराठीत म्हणतो आणि ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून पाहतो. ‘सोमवारच्या आत पैसे भरा’ कानाला खटकत नाही, तेव्हा ‘बाय’ लिहितो. ‘सोमवारच्या आत थांबा’ म्हणताच जीभ अडखळते, तेव्हा ‘अनटिल’ लिहितो. ‘२० तारखेच्या आत राखून ठेवतो’ हे वाक्य तसे चालते, पण माझ्या मनातला अर्थ त्यात उरत नाही, आणि तेवढे समजले तरी पुरते. मात्र तारखेऐवजी मुदत असेल, जसे ‘दोन दिवसांच्या आत’, तर ‘विदिन’ घालावे. ‘दोन दिवसांत रक्कम पाठवतो’ याचे सरळ ‘इन टू डेज’ केले, तर समोरचा रक्कम दोन दिवसांनी येणार असे समजू शकतो. ॲप तिथेही गप्प राहते.

‘डिपेंड ऑन’, ‘गुड ॲट’ यांसारख्या ठरलेल्या जोड्यांसाठी ॲप आजही उत्तम आहे आणि त्यासाठी मी त्याला तीन तारे देतो. तरीही मुदतीचे वाक्य दिसताच ‘हे काम तोवर चालू राहणार की त्याआधी पुरे होणार?’ एवढा एक प्रश्न विचारणे त्याला अवघड नसावे. तो येत नाही तोवर पुन्हा २,४०० रुपये भरण्याची माझी तयारी नाही, आणि आपोआप होणारे नूतनीकरण मी कालच बंद केले आहे.