नूतनीकरणानंतरची खाण: वार्षिक पासवाल्या डायव्हरचा अनुभव, आणि एक अर्धवट कठडा

पाण्याने भरलेल्या ज्या जुन्या दगडखाणीत मी डायव्हिंगला जाते, तिथल्या वार्षिक पासची मुदत वाढवायला गेले तर पावतीवर एक नवी ओळ दिसली: ‘सुविधा सुधारणा शुल्क’. रक्कम लहान नव्हती. सुधारणांचे पैसे वेगळे मोजून घेणार असाल, तर सुधारणाही वेगळ्या मोजून बघायला हव्यात. म्हणून हे एवढं लांबलचक.

जागेचं नाव लिहीत नाही. जे नियमित जातात त्यांना दोन परिच्छेदांत कळेलच. खोली, बुडवलेल्या वस्तू, वेळा हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. नूतनीकरण होऊन आता बरेच महिने झालेत, पाणी पूर्ण भरलेलं आणि पार खाली गेलेलं अशा दोन्ही अवस्थांत मी तिथे उतरले आहे, तेव्हा पहिल्या आठवड्याच्या कौतुकापेक्षा हे जरा खरं असेल.

आधी ज्याबद्दल फार बोलायची गरज नाही ते उरकते. कपडे बदलायच्या खोल्या चांगल्या आहेत. खुंट्या भरपूर आहेत, जमिनीला उतार आहे, पाणी साचत नाही. शॉवर गरम आहे, फक्त बटण दाबलं की जेमतेम अंग भिजेपर्यंत चालतो आणि बंद पडतो. स्वच्छतागृहं स्वच्छ. गाड्या लावायची जागा वाढली. सामान चढवायचे बाक मात्र ज्याने बनवले त्याने कधीतरी स्वतः हवेचं सिलिंडर पाठीवर घेतलं असणार: सिलिंडर बाकावर टेकवून पट्टे आवळायचे आणि सरळ उभं राहायचं, कंबर मोडत नाही.

आता पायऱ्या.

पूर्वी पाण्यात उतरायला मातीची घसरण होती, ती जाऊन काँक्रीटच्या रुंद पायऱ्या आल्या आणि मधोमध लोखंडी पाइपचा कठडा आला. पाणी काठोकाठ असताना या कठड्याचा शेवटचा खांब कमरेएवढ्या पाण्यात असतो. तेव्हा कसलीच तक्रार नाही. कठडा धरून उतरा, कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा भार हलका होतो, एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने फिन (पायात घालायची वल्ह्यासारखी पाती) चढवा आणि निघा. नूतनीकरणाचे सगळे फोटो याच दिवसांतले आहेत.

पण ही दगडखाण आहे, जलतरण तलाव नाही. इथली पातळी पाऊस आणि भूजल ठरवतात. कोरड्या दिवसांत पाणी दीड मीटर सहज खाली जातं. मग तोच शेवटचा खांब कोरड्यात उभा राहतो. त्याच्या पायथ्यापासून पाणी अर्धा मीटर खाली आणि कमरेएवढं पाणी हवं तर आणखी एक मीटर उतरायचं. पायरी २० सेंटिमीटरची धरली तर सात-आठ पायऱ्यांना हाताशी काही नाही. आणि या पायऱ्या कुठल्या? ज्या महिनोन् महिने पाण्याखाली होत्या त्या. म्हणजे शेवाळाचा पातळ, हिरवट, सहज नजरेत न येणारा थर ज्यांच्यावर बसलाय त्याच.

उतरताना एक वेळ निभावतं. खरी गंमत बाहेर येताना. १२ लिटरचं स्टीलचं सिलिंडर रिकामंच चौदा-पंधरा किलोचं असतं. त्यात बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट), रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र), खाली जायला लागणारं कमरेचं शिसं, पाणी प्यायलेला वेटसूट (थंडीपासून वाचवणारा रबरी पोशाख). पाण्यात हे सगळं शून्य वाटत असतं, पण गुडघाभर पाण्यात उभं राहिलात की तीसेक किलो एकदम पाठीवर येतात. थंड पाण्यात तासभर घालवल्यावर पाय आधीच लाकडासारखे झालेले असतात. नेमकं त्याच क्षणी एका पायावर उभं राहून फिन काढायची असते. आणि नेमका तिथेच कठडा नाही. जिथे कोरड्या, खरखरीत पायऱ्यांवर पोरंही उड्या मारत उतरतील, तिथे मात्र तो अगदी दिमाखात आहे.

मी खाण चालवणाऱ्यांना विचारलं. उत्तर आलं, “मॅडम, इतकी वर्षं लोक बिनकठड्याचेच उतरत होते.” होते की. पण तेव्हा मातीच्या उतारावर सगळेच बसून, सावकाश, एकमेकांना धरून उतरायचे. पायऱ्या दिसल्या की माणूस पायऱ्यांसारखा चालतो. शिवाय तेव्हा हे शुल्कही नव्हतं.

मग काही जणांनी मिळून शेवटच्या खांबाला जाड दोर बांधला, हातभर अंतरावर गाठी मारल्या आणि टोकाला दगड लावून पाण्यात सोडला. फुकटात झालेली ही सगळ्यात उपयोगी सुधारणा पंधरवड्याच्या आत काढून टाकण्यात आली. कारण विचारलं तर, “दिसायला बरं दिसत नाही.” त्यानंतर पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग मारला गेला. ओल्या काँक्रीटवर गुळगुळीत तैलरंग! मी लेखी तक्रार केली, टेपने मोजून खांबापासूनचं अंतर लिहिलं, पाणी कमी असतानाचे फोटो जोडले. “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे,” असं उत्तर आलं. मोलाचा असेलच, कारण त्याचं मोल मीच भरलंय.

हवा भरायच्या केंद्राकडे वळते, कारण तिथे माझं मत मध्येच बदललं. नवा कॉम्प्रेसर आला, मोठ्या साठवण बाटल्या आल्या, रांग जवळपास संपली. सुरुवातीला मी खूश होते. मग लक्षात आलं की सिलिंडर हातात येतं तेव्हा चांगलंच गरम असतं. पॅनेलवर २३२ बार (बार हे दाबाचं एकक) दिसतं, पण हवा झपाट्याने कोंबली की ती तापते, आणि दाब तापमानावर चालतो. ४५ अंशांना २३२ बार भरलेलं सिलिंडर १० अंशांच्या पाण्यात थंड झालं की काटा २०५ च्या आसपास येतो. सत्तावीस बार कमी, गुणिले १२ लिटर, म्हणजे सव्वातीनशे लिटर हवा. २० मीटरवर तीन पट दाब असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणारा माणूस तिथे ६० लिटर ओढतो. म्हणजे पाचेक मिनिटांचं डायव्हिंग गेलं. पैसे मात्र पूर्ण सिलिंडरचे.

यावर माझं आणि काउंटरवरच्या मुलाचं बरंच वाजलं. त्याचं म्हणणं, जुन्या कॉम्प्रेसरवर तासभर थांबावं लागायचं तेव्हा हेच लोक ओरडत होते. खरंय ते. पण हा मुलगा ऐकणारा निघाला. हल्ली कोणी आदल्या दिवशी संध्याकाळी सिलिंडर ठेवून गेलं तर तो रात्रीतून थंड होऊ देतो आणि सकाळी वरची कसर भरून देतो. त्याचे जादा पैसे घेत नाही. ज्यांना हे माहीत आहे त्यांची सिलिंडरं सकाळी मांडणीवर ओळीने थंडगार उभी असतात, ज्यांना माहीत नाही ते गरम सिलिंडर घेऊन पाण्याकडे पळतात. ही सोय फलकावर लिहायला काय हरकत आहे, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

पाण्याखालचे प्लॅटफॉर्म हा दुसरा विषय. सहा मीटरवर लोखंडी जाळीचे दोन मोठे प्लॅटफॉर्म टाकणार हे ऐकल्यावर मला राग आला होता. हे काम शिकवणाऱ्या संस्थांसाठी, त्यांचे विद्यार्थी त्यावर गुडघे टेकून मास्क काढणार-घालणार, आणि त्याचे पैसे पासवाले भरणार! आता तसं वाटत नाही. पूर्वी हेच विद्यार्थी तळावर गुडघे टेकायचे. खाणीचा तळ म्हणजे दगडाची पिठासारखी भुकटी. एकदा ती उठली की बसायला तासन् तास लागतात, कारण कणाचा आकार निम्मा झाला की खाली बसायचा वेग चौथाई होतो, आणि इथले कण फारच बारीक आहेत. सकाळी दोन वर्ग होऊन गेले की दुपारी खाणीच्या पलीकडच्या टोकालाही हात दिसेनासा व्हायचा. जाळीवर गाळ साठत नाही, जे काही पडतं ते खाली निघून जातं, आणि फिन तळाला लागत नाहीत. शनिवारी दुपारी कड्याच्या भिंतीपाशी सात-आठ मीटर स्वच्छ दिसलं तेव्हा मी बडीकडे, म्हणजे जोडीने उतरणाऱ्या साथीदाराकडे, बघून दोनदा ‘ओके’ची खूण केली, बिचाऱ्याला वाटलं काहीतरी बिघडलंय.

बुडवलेल्या बसबद्दल सगळे विचारतात. ठीक आहे. इंजिन, तेल, वायरी काढून, दारं-खिडक्या मोकळ्या करून नीट बुडवली आहे, आतून आरपार जाता येतं. इंग्लंडमधल्या स्टोनी कोव्ह या ग्रॅनाइटच्या खाणीत २००० साली ‘स्टेनगार्थ’ नावाची आख्खी टगबोट २२ मीटरवर बुडवली, तशी हौस इथे कोणी केलेली नाही आणि करूही नये. मला बसपेक्षा तिथपर्यंत जाणारी दोरी जास्त आवडली. प्लॅटफॉर्म ते बस ते भिंत अशी सलग दोरी, दर थोड्या अंतरावर खोलीचे बिल्ले. १२ मीटरखाली थर्मोक्लाइन लागतो, पाणी झटक्यात थंड होतं, नवखा माणूस दचकतो. तेव्हा हाताशी दोरी आणि डोळ्यांसमोर आकडा असणं फार मोठी गोष्ट आहे. म्हणजे पाण्याखाली धरायला दोरी आहे. पाण्याबाहेर नाही.

ऑक्सिजनची पेटी पूर्वी कार्यालयात असायची, आता पायऱ्यांच्या माथ्यावर छपराखाली आली. योग्यच. सुरुवातीला तिला कुलूप होतं आणि किल्ली कार्यालयात. डीकॉम्प्रेशनचा त्रास (वर येताना दाब कमी होऊन अंगात वायूचे बुडबुडे होणं) झालेल्या माणसाला शुद्ध ऑक्सिजन जितक्या लवकर मिळेल तितकं बरं, हे इथल्या प्रत्येक इन्स्ट्रक्टरने घोकलेलं असतं, तरी कुलूप लावताना कोणाला सुचलं नाही. तीन-चार जणांनी तक्रार केल्यावर कुलूप जाऊन तोडता येणारं सील आलं. चोरी झालेली नाही. तक्रार केली की काम होतं, असं यावरून दिसतं. म्हणूनच कठड्याचा राग जास्त येतो.

सामान धुवायच्या टाक्यांवर बरेच जण हसतात. गोड्या पाण्यातून येऊन पुन्हा गोड्या पाण्यात कशाला धुवायचं? मीठ काढायला नव्हे. झेब्रा शिंपल्यासारख्या परक्या जिवांची पिल्लं डोळ्यांना न दिसता वेटसूटच्या ओलाव्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. गंमत अशी की हे शिंपले पाणी गाळून इतकं नितळ करतात की डायव्हर खूश होतात, आणि तळ्याचं बाकीचं जीवन उपाशी मरतं. तेव्हा धुवा, आणि पुढच्या पाण्यात जाण्याआधी सामान खडखडीत वाळवा.

आता ताजी परिस्थिती, कारण हे अर्धं लिहून झालं होतं तेव्हा थोडी हालचाल झाली. खालच्या दहा पायऱ्यांवर फायबरची खडबडीत जाळी बसवली आहे. उत्तम काम आहे, मनापासून सांगते. बूट घट्ट बसतो, शेवाळ धरलं तरी पाय सरकत नाही, पिवळा रंगही झाकला गेला. पडायची भीती निम्म्याहून कमी झाली. त्यासाठी मी माझ्या गुणांकनात एक तारा वाढवला आहे.

पण फिन काढायला हात लागतो, त्याला जाळीचा उपयोग नाही. सध्या सगळे काय करतात? बाजूचा उतार वापरतात. तो चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या डायव्हरांसाठी बांधलाय, आणि त्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे, पार पाण्याच्या आत, पातळी कितीही खाली गेली तरी पुरेल इतका. म्हणजे कठडा पाण्यात न्यायचं तंत्र यांना अवगत आहे! रविवारी त्या उतारावर धडधाकट लोकांची रांग लागते आणि ज्याच्यासाठी तो बांधला तो माणूस वरती खुर्चीत ताटकळत बसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेव्हापासून तिकडून जात नाही. पायऱ्यांवर बडीचा खांदा धरते, मग तो माझा धरतो.

पुन्हा विचारलं तर “दुसऱ्या टप्प्यात आहे” असं कळलं. दुसऱ्या टप्प्यात उपाहारगृहाचा विस्तारही आहे आणि आराखड्यात तो कठड्याच्या आधी आहे.

पास मी नूतनीकरण केला आहे, शुल्कासकट. पाचपैकी साडेतीन तारे. पाइपचे आणखी दोन तुकडे जोडले की साडेचार.

जाणाऱ्यांसाठी: समुद्रातलं शिसं जसंच्या तसं घेऊन येऊ नका. गोडं पाणी हलकं असतं. सामानासकट तुमचं वजन शंभर किलो असेल तर अडीचेक किलो शिसं कमी लागेल. सूट नवा असेल तर प्लॅटफॉर्मवर तपासून घ्या. खाली पाणी १० अंशांखाली असेल तर थंड पाण्यासाठीचाच रेग्युलेटर आणा, साधा गोठून सुसाट हवा सोडायला लागतो. सिलिंडर आदल्या संध्याकाळी द्या. रविवारीच जमणार असेल तर वर्ग सुरू व्हायच्या आत पाण्यात असा, आणि पाणी खाली गेलेलं असेल तर टाचेला स्प्रिंगचा पट्टा असलेल्या फिन आणा, त्या एका हाताने निघतात.