पत्रकारांसाठीची कायद्याची ऑनलाइन कार्यशाळा: कायदा पैसावसूल, आचारसंहिता उरकून टाकलेली

तालुका वार्ताहरांच्या ग्रुपवर सारखं कोणी ना कोणी विचारतंय की ती शनिवार-रविवारची कायदा आणि आचारसंहितेची कार्यशाळा करावी का, पैसे वाया तर जाणार नाहीत ना. मी केलीय म्हणून जरा सविस्तर लिहितो. संस्थेचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि ज्यांना फॉर्मची लिंक आलीय त्यांना कळेलच कोणती ते. फी अठराशे रुपये, सगळं झूमवर, सगळं मराठीत. शिकवायला दोघं, हायकोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एक वकील मॅडम आणि एक रिटायर्ड संपादक.

आधी मॅडमबद्दल, कारण खरे पैसे त्यांच्यासाठीच द्यायचे. पहिलंच सेशन बदनामीवर. आपल्या लाइनीत सगळ्यांचा समज असा की बातमी खरी असली की विषय संपला, कोण काय करतंय. तर फौजदारी केसमध्ये तसं नाहीये. जुन्या आयपीसीचं ४९९-५०० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ झालंय, १ जुलै २०२४ पासून लागू. शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, फक्त समाजसेवेची शिक्षा नवीन आलीय. त्याला दहा अपवाद आहेत आणि पहिल्याच अपवादात दोन गोष्टी एकत्र लागतात, मजकूर खरा पाहिजे आणि तो छापणं लोकहिताचं पाहिजे. म्हणजे एखाद्या नगरसेवकाच्या घरातलं भांडण शंभर टक्के खरं असलं तरी ते छापून लोकांचं काय भलं झालं हे तुम्हाला कोर्टात सांगता आलं पाहिजे. दिवाणी दाव्यात मात्र खरेपणा सिद्ध केला की बचाव होतो. हा फरक मला कुठल्या संपादकाने आजवर सांगितला नव्हता, आणि सुप्रीम कोर्टाने २०१६ ला फौजदारी बदनामीचं कलम वैध ठरवलंय त्यामुळे ते आता जाईल वगैरे आशा ठेवू नका असं पण मॅडमनी स्पष्टच सांगितलं.

मग त्यांनी आपल्याकडच्या पेपरांची शेवटची ओळ स्क्रीनवर दाखवली. "प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही". विचारलं, ही ओळ कोणाला वाचवते? ग्रुपमधले अर्धे जण म्हणाले संपादकाला. कोणालाच नाही वाचवत. ती ओळ छापा किंवा न छापा, बदनामीच्या दाव्यात तिला काडीची किंमत नाही. आणि केस फक्त पेपरच्या ऑफिसच्या गावात चालते असंही नाही, पेपर जिथे वाचला गेला तिथे पण टाकता येते, म्हणजे मुंबईच्या पेपरला नांदेडच्या तारखा. हे ऐकून चॅटबॉक्समध्ये जी शांतता पसरली ती बघण्यासारखी होती.

उदाहरणं त्यांनी सगळी आपल्या जवळची घेतली. सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांची केस डिटेलमध्ये घेतली. सप्टेंबर २००८ मध्ये टाइम्स नाऊवर गाझियाबादच्या पीएफ घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच एका न्यायमूर्तींच्या ऐवजी सावंतांचा फोटो लागला, पंधराएक सेकंद. नावात थोडंफार साम्य, एवढंच. पुण्याच्या कोर्टाने २०११ मध्ये १०० कोटींची भरपाई ठरवली, आणि अपील ऐकायच्या आधी २० कोटी जमा करा आणि ८० कोटींची बँक गॅरंटी द्या असं हायकोर्टाने सांगितलं, सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. गंमत बघा, सावंत स्वतः प्रेस कौन्सिलचे, म्हणजे पेपरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, अध्यक्ष राहिलेले. रकमेबद्दल मतभेद असू शकतात, मला स्वतःला १०० कोटी हा आकडा धोक्याचा वाटतो, कारण तो आकडा उद्या एखाद्या छोट्या साप्ताहिकावर लावला तर छापखान्यासकट सगळं विकून पण भागणार नाही. पण मॅडमचा मुद्दा वेगळा होता. फोटो चुकणं ही एका मिनिटाची गोष्ट, खरा प्रश्न नंतर काय केलं याचा. चूक कळल्यावर ठळक दुरुस्ती आणि माफी किती लवकर आली, किती वेळा आली, हे कोर्ट बघतं. आपल्याकडे खुलासा आतल्या पानावर टेंडर नोटिशीच्या खाली टाकायची पद्धत आहे, ती किती महागात पडू शकते ते कळलं.

आणि टिळक-आगरकर. त्यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात जावं लागलं ते राजद्रोहासाठी नाही, बदनामीसाठी. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध जी पत्रं छापली ती बनावट निघाली. चार महिन्यांची शिक्षा, १०१ दिवसांनी सुटले. शाळेत आपण १०१ दिवसांचं कौतुक ऐकतो, पण ती पत्रं कुठून आली, कोणी तपासली, हे कोणी विचारत नाही. हेतू एक नंबर होता, कागद खोटा होता. आज तोच कागद व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन येतो, खाली सहीशिक्क्यासकट.

दुसऱ्या दिवशी पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. हे सेशन प्रत्येक वार्ताहराला सक्तीचं करायला पाहिजे असं माझं मत झालंय. पोक्सोचं कलम २३ म्हणतं की मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर, किंवा ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि मालक-प्रकाशक पण जबाबदार. नाव तर आजकाल कोणी छापत नाही, मग सगळे म्हणतात आम्ही नियम पाळतो. मॅडमनी काही बातम्यांच्या ओळी (गावं बदलून) वाचून दाखवल्या. "अमुक वस्तीवर राहणाऱ्या, ऊसतोडीला गेलेल्या मजुराच्या सातवीतल्या मुलीवर". आता हजार वस्तीच्या गावात अशी मुलगी किती असणार? आरोपी सख्खा नातेवाईक असेल आणि त्याचं नाव तुम्ही छापलं की मुलीची ओळख आपोआप उघड होते. जिल्ह्याच्या पेपरात जी माहिती निरुपद्रवी वाटते ती गावात पूर्ण पत्ता असते. मोठ्या शहरातल्या डेस्कवर बसणाऱ्यांना हे कळत नाही कारण त्यांना मजकूर "रंगतदार" पाहिजे असतो, वस्तीचं नाव टाका, शाळा टाका, आईवडील काय करतात ते टाका. एकाने विचारलं, मॅडम, पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच नाव होतं तर? उत्तर एका ओळीचं, प्रेसनोटमध्ये होतं हा तुमचा बचाव नाही. मोठ्या पीडितांच्या बाबतीत न्याय संहितेचं कलम ७२ आहे, आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना केसमध्ये सांगितलंय की पीडिता मरण पावली तरी नाव छापायचं नाही, घरच्यांनी पत्रकाराला परवानगी दिली असली तरी चालत नाही. मोर्चाच्या बॅनरवर नाव असतं, घोषणेत असतं, आपण फोटो काढतो आणि टाकतो. त्याचं काय, यावर अर्धा तास गेला आणि तो सगळ्यात उपयोगी अर्धा तास होता.

बाकीचं पटकन सांगतो. रेकॉर्डिंगची मूळ फाइल आणि शक्यतो तो मोबाइलसुद्धा जपून ठेवा, नुसती पुढे पाठवलेली क्लिप कोर्टात टिकवणं अवघड, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. सूत्रांच्या नावाबद्दल, वकिलाला अशिलाची माहिती गुप्त ठेवायचं जे संरक्षण आहे तसं पत्रकाराला नाही, फक्त प्रेस कौन्सिलसमोर सोर्स सांगायची सक्ती करता येत नाही. म्हणून सोर्सला शब्द द्यायच्या आधी विचार करा. पत्रकार संरक्षण कायदा महाराष्ट्राने २०१७ ला केला, हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद, तपास डीवायएसपीच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, पण खोटी तक्रार केली तर उलटा तुम्हालाच दणका. यूट्यूबवाल्यांनी या कायद्यावर फार भिस्त ठेवू नका असं मॅडम म्हणाल्या. त्यावर राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे, ज्यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडून मारलं, त्यांचं नाव कोणीतरी काढलं, कायदा तेव्हा होताच की, आणि मग विषय आपोआप दुसरीकडे गेला.

आता तक्रारी.

आचारसंहितेचा भाग संपादक साहेबांकडे होता आणि तो त्यांनी स्लाइड वाचून उरकला. निष्पक्षता, अचूकता, विश्वासार्हता, समाजाचा आरसा, लोकशाहीचा चौथा स्तंभ. अहो हे ६ जानेवारीला पत्रकारदिनी प्रत्येक प्रमुख पाहुणा बोलतोच, त्यासाठी अठराशे कशाला. पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या जाहिरातीवर, मात्र ते थोडे खुलले. २००९ च्या विधानसभेला "अशोकपर्व"वाला, तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची वाहवा करणारा मजकूर वेगवेगळ्या पेपरात जवळपास शब्दाला शब्द सारखा छापून आला, पत्रकार पी. साईनाथांनी ते उघड केलं, निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये खर्चाचा हिशोब नीट दिला नाही म्हणून चव्हाणांना नोटीस काढली आणि दिल्ली हायकोर्टाने तो आदेश रद्द केला, हे सगळं त्यांनी व्यवस्थित सांगितलं. प्रेस कौन्सिलच्या हातात काय आहे ते पण सांगितलं, १९७८ च्या कायद्याने कौन्सिल ताकीद देऊ शकतं, ताशेरे ओढू शकतं, बस, दंड नाही काही नाही, आणि टीव्ही तर त्यांच्या कक्षेतच नाही.

पण मग परभणीकडच्या एका वार्ताहराने माइक चालू करून विचारलं, "सर, ज्या सरपंचाच्या कामाची बातमी लिहायची त्याच्याकडूनच वर्धापनदिनाच्या पुरवणीची जाहिरात आणायचीय, टार्गेट आहे, नाही आणली तर माझं काम जातं, मग आचारसंहिता मी पाळायची की ऑफिसने?" साहेब हसले आणि म्हणाले, "ज्याचा त्याचा विवेक." आणि पुढची स्लाइड.

इथे माझं डोकं फिरलं. हाच तर अख्खा विषय आहे! तालुक्याला पेड न्यूज पाकिटातून येत नाही, ती वाढदिवसाच्या जाहिरातीतून येते, कमिशनमधून येते. बातमी लिहिणारा आणि जाहिरात आणणारा माणूस एकच असेल तर निष्पक्षतेची स्लाइड कोणाला दाखवताय? वर कायद्याची गंमत अशी की १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात (नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता आल्या आणि तो रद्द झाला, पण व्याख्या तीच राहिली) पत्रकार कोण, तर ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे तो. मानधन एवढं कमी की पोटासाठी कोणी झेरॉक्सचं दुकान टाकलंय, कोणी एलआयसी करतो, कोणाची शेती. म्हणजे पगार आणि नोटीस पिरियड मागायला गेलं की तुम्ही पत्रकार नाही, आणि बदनामीची नोटीस आली की तुमचं नाव पहिलं. यावर एक पूर्ण सेशन पाहिजे होतं. मॅडमना पुढच्या बॅचला हा विषय घ्या असं फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलंय.

एक गोष्ट मात्र साहेबांनी मनापासून घेतली, आत्महत्येच्या बातम्या. प्रेस कौन्सिलची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पद्धत सांगू नका, जागा सांगू नका, भडक हेडिंग करू नका, आणि ती ज्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींवर बेतलीत त्यात एकच कारण चिकटवू नका, मदतीचा नंबर द्या हे पण आहे. सुशांतसिंह प्रकरणात मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये मीडिया ट्रायलवर जो निकाल दिला त्यातही ही तत्त्वं पाळायला सांगितलंय. तेवढ्यात यवतमाळच्या एका ताई बोलल्या की सर, शेतकऱ्याच्या बाबतीत कारण हीच तर बातमी असते, कर्ज, नापिकी, बँकेची नोटीस हे नाही लिहिलं तर सरकारी कागदावर ते प्रकरण "अपात्र" होऊन जातं आणि बाईला एक लाखाची मदत पण मिळत नाही. साहेब थांबले, विचार करून म्हणाले की कर्जाचं लिहा, सविस्तर लिहा, बँकेचं लिहा, पण गळफास आणि विषाच्या डब्याचं वर्णन गाळा, झाडाखालचा फोटो छापू नका, आणि "कंटाळून" असं हेडिंग करू नका. हे उत्तर मला पटलं. असंच सगळं सेशन घेतलं असतं तर मी तक्रारच केली नसती.

बाकी किरकोळ: डेटा संरक्षण कायदा २०२३ ला फक्त दहा मिनिटं दिली, पत्रकारितेला त्यात वेगळी सूट नाही एवढंच सांगून पुढे गेले, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये (खासगी माहिती नाकारण्याबद्दलचं कलम) जो बदल केला त्यावर तर एक वाक्य. आरटीआयवर जगणाऱ्यांनी त्यासाठी हा कोर्स घेऊ नये. पीडीएफ नोट्स चांगल्या आहेत पण फॉन्ट बारीक, मोबाइलवर वाचताना डोळे जातात. प्रमाणपत्र मिळतं, फ्रेम करण्यापलीकडे उपयोग नाही.

कोणी करावी? यूट्यूब चॅनल किंवा पोर्टल स्वतःच्या नावावर चालवणाऱ्यांनी नक्की करा, तुमच्या मागे ना लीगल डिपार्टमेंट ना मालक. डेस्कवाल्यांनी पोक्सोसाठी करा. तालुका वार्ताहरांनी ऑफिसला फी भरायला सांगा, भरत नसतील तर दोघातिघात मिळून मॅडमची सेशन्स बघा, एका लॉगिनवर रेकॉर्डिंग तीन महिने दिसतं पण डाउनलोड होत नाही. कायद्याला पाचपैकी साडेचार, आचारसंहितेला दोन, त्यातला दीड यवतमाळच्या ताईंमुळे.