ॲव्हलॉन प्रोजेक्ट : युद्धकाळातला सरकारी वकील मूळ कागदांतून वाचायचा असेल तर

रॉबर्ट जॅक्सन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यातले अमेरिकेचे मुख्य सरकारी वकील, हे नाव निघालं की २१ नोव्हेंबर १९४५चं तिथलं सुरुवातीचं भाषण आठवतं. भाषण उत्तमच आहे. पण वकिलाचं खरं काम त्याआधीच्या साडेसहा महिन्यांत झालं होतं, आणि ते ओळीओळीने बघायचं असेल तर येल विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयाचं ‘ॲव्हलॉन प्रोजेक्ट’ हे संकेतस्थळ फार कामाचं आहे. ते फुकट आहे, नोंदणी लागत नाही आणि पानं साध्या मजकुराची असल्याने मोबाइलवरही पटकन उघडतात. कायद्याच्या विद्यार्थ्याने आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ते वापरावंच असं माझं मत आहे. मात्र काय कुठे आहे आणि काय मुळातच नाही हे आधी माहीत हवं, नाहीतर पहिल्या दिवशीच कंटाळा येतो.

इथे दोन संग्रह वेगवेगळे ठेवलेले आहेत. पहिला न्यूरेंबर्ग खटल्याचा. दुसरा १९४५च्या लंडन परिषदेचा, म्हणजे २६ जून ते ८ ऑगस्ट या काळात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांच्या वकिलांनी टेबलावर बसून खटला चालवणाऱ्या न्यायाधिकरणाची सनद कशी घडवली त्याची कागदपत्रं. बहुतेक जण थेट पहिल्यात शिरतात. सुरुवात दुसऱ्यापासून करा.

लंडनच्या संग्रहातले कागद रोमन आकड्यांनी ओळीत लावलेले आहेत. आधी ६ जून १९४५चा जॅक्सन यांचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना दिलेला अहवाल वाचा. खटला कोणावर, कशाबद्दल आणि कोणत्या पद्धतीने चालवायचा याचा आराखडा त्यात आहे. मग बैठकांची टिपणं. सोव्हिएत प्रतिनिधी निकितचेंको आणि जॅक्सन यांची गाडी वारंवार कुठे अडते ते बघा. दोन्हीकडची न्यायपद्धतच निराळी होती. सोव्हिएत आणि फ्रेंच पद्धतीत पुरावा दोषारोपपत्राबरोबरच जोडतात. अमेरिकन वकिलाला तो साक्षीपुराव्याच्या वेळी कोर्टात मांडायचा असतो. ही तडजोड कशी झाली ते सनदेच्या कलमांतून कळत नाही, टिपणांतून कळतं.

२३ जुलैची बैठक सोडू नका. एखादं सरकार स्वतःच्याच नागरिकांशी कसं वागतं याची दखल परक्या देशांनी का घ्यावी, हा प्रश्न तिथे आहे. जॅक्सन यांचं उत्तर असं, की ज्यूंचा संहार हा बेकायदेशीर युद्धाच्या कटाचा भाग होता, म्हणून तो आपल्या कक्षेत येतो. आणि ते तिथेच कबूल करतात की अमेरिकेतही अल्पसंख्याकांना अन्यायाची वागणूक मिळते, त्यामुळे याहून रुंद दार उघडणं परवडणार नाही. सरकारचा वकील अशिलाची अडचण इतकी उघड क्वचितच बोलतो. जाहीर भाषणात हे वाक्य तुम्हाला सापडणार नाही.

या बैठकीनंतर सनदेचं कलम ६ (क), म्हणजे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची व्याख्या, आणि ६ ऑक्टोबर १९४५चा दुरुस्तीचा करार (प्रोटोकॉल) दोन टॅबमध्ये शेजारी उघडा. इंग्रजी आणि फ्रेंच प्रतींत ‘युद्धापूर्वी किंवा युद्धकाळात’ या शब्दांनंतर अर्धविराम पडला होता, रशियन प्रतीत तिथे स्वल्पविराम होता. अर्धविराम ठेवला तर खून, संहार, गुलामगिरी ही कृत्यं एका बाजूला स्वतंत्र राहतात आणि ‘न्यायाधिकरणाच्या कक्षेतल्या गुन्ह्याशी संबंधित’ ही अट फक्त छळापुरती उरते. स्वल्पविराम केला की ती अट सगळ्यांना लागते. दुरुस्तीने स्वल्पविराम कायम केला. परिणाम निकालपत्रात दिसतो: १९३९पूर्वीची कृत्यं सरसकट मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवायला न्यायाधिकरणाने नकार दिला. एका विरामचिन्हाचा प्रवास तीन कागदांत असा सलग बघायला मिळतो, आणि तिन्ही कागद याच संकेतस्थळावर आहेत. माझ्या मते केवळ एवढ्यासाठी हे ठिकाण जपून ठेवावं.

आता खटल्याचा संग्रह. अधिकृत छापील मालिका ४२ खंडांची आहे. तिच्या आवरणावरून तिला निळी मालिका म्हणतात. खंड १मध्ये दोषारोपपत्र, सनद, निकालपत्र. खंड २ ते २२मध्ये रोजचं कामकाज. २३ आणि २४ सूची. २५ ते ४२ पुराव्याचे दस्तऐवज. ॲव्हलॉनवर पहिले २२ खंड आहेत. प्रत्येक दिवसाचं एक पान, वर-खाली मागच्या आणि पुढच्या दिवसाचा दुवा. तारीख माहीत असेल तर अर्ध्या मिनिटात पोचता. पण सूचीचे खंड इथे नसल्याने नावावरून शोधायचं झालं तर त्या-त्या दिवसाच्या पानात ब्राउझरची शोधसोय वापरावी लागते. मजकूर छापील पुस्तकांवरून उतरवलेला असल्यामुळे अक्षरांच्या चुका आहेत, जर्मन नावांत जास्त. पूर्ण आडनाव टाकून काही मिळालं नाही तर नावाचा मधला तुकडा टाकून बघा.

मोठी उणीव दस्तऐवजांची. कामकाजात वकील ‘३८६-पीएस, अमेरिकन निशाणी २५’ असं म्हणतो आणि तुम्हाला तो कागद हवा असतो. हे दोन आकडे वेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका. पहिला कागद सापडला तेव्हा दिलेला क्रमांक (पीएस म्हणजे पॅरिस-स्टोरी, कर्नल स्टोरी यांच्या पथकाने पॅरिसमध्ये गोळा केलेले), दुसरा कोर्टात दाखल झाल्यावरची निशाणी. शोध नेहमी पहिल्या आकड्याने घ्यायचा. मूळ जर्मन कागद निळ्या मालिकेच्या २५ ते ४२ खंडांत, बहुतांश मूळ भाषेतच छापलेले. इंग्रजी भाषांतरं ‘लाल मालिका’ म्हणतात त्या वेगळ्या छापील मालिकेत. ॲव्हलॉनवर तिचा थोडाच भाग आहे. दोन्ही मालिका पूर्ण हव्या असतील तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून घ्या. फायली जड आहेत, पण पानं हुबेहूब छापील आहेत.

मूळ जर्मन का लागतं, ते खंड ९मध्ये मार्च १९४६ची, आरोपींपैकी एक असलेला नाझी नेता ग्योरिंग याची उलटतपासणी वाचली की समजतं. जॅक्सन ईसी-४०५ हा १९३५चा कागद पुढे करतात, भाषांतरात ‘ऱ्हाइनची मुक्तता’ असं आहे, आणि त्यावरून ते ऱ्हाइनलँड सशस्त्र ताब्यात घ्यायच्या तयारीचा मुद्दा रेटतात. ग्योरिंग शांतपणे सांगतो की मूळ शब्दांचा अर्थ नदी मोकळी करणं: लष्करी हालचालीसाठी मालवाहू बोटी बाजूला काढणं. प्रश्नाचा पायाच निसटतो. पुढच्या पानांत जॅक्सन यांचा तोल जाताना दिसतो. साक्षीदाराला लांबलचक उत्तरं देऊ दिली जातात म्हणून ते न्यायाधीशांकडेच तक्रार करतात. त्यानंतर लगेच ब्रिटिश वकील मॅक्सवेल-फाइफ यांची उलटतपासणी वाचा. छोटे प्रश्न, एका वेळी एकच कागद. दोन्ही एकापाठोपाठ वाचणं हा उलटतपासणीचा उत्तम धडा आहे, आणि दिवसवार पानांमुळे तो इथे सहज वाचता येतो.

जॅक्सन यांचा ७ ऑक्टोबर १९४६चा अंतिम अहवालही लंडनच्या संग्रहातच आहे. त्यातले आकडे कामाचा आवाका दाखवतात: एक लाखाहून जास्त जर्मन कागद चाळले, त्यातले सुमारे १०,००० बारकाईने तपासायला काढले, आणि त्यातून सुमारे ४,००० वापरात आले. अमेरिकन पथकात ऐन भरात ६५४ माणसं होती.

लेखनात संदर्भ द्यायचा असेल तर पृष्ठांक पीडीएफवरून पडताळा. सुरुवातीचं भाषण खंड २, पृष्ठ ९८ पासून आहे. वाचायला ॲव्हलॉन, उद्धृत करायला पीडीएफ, अशी वाटणी ठेवली की चुका टळतात.

जॅक्सन यांच्या बाकीच्या कारकिर्दीसाठी मात्र हे ठिकाण अपुरं आहे. ऑल्बनीच्या लॉ स्कूलमध्ये एकच वर्ष काढून, जेम्सटाउनमध्ये वकिलाच्या हाताखाली शिकून १९१३ साली वकिलीची सनद मिळवलेला हा माणूस १९३४मध्ये कर खात्याचा मुख्य वकील, १९३८मध्ये सॉलिसिटर जनरल आणि १९४०मध्ये ॲटर्नी जनरल झाला. त्या पदावरचं त्यांचं सर्वांत वादग्रस्त मत २७ ऑगस्ट १९४०चं: ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका देऊन बदल्यात नौदल तळ घेणं राष्ट्राध्यक्षांना काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संमतीशिवाय करता येईल. त्याच मतात, बांधणी चालू असलेल्या लहान ‘मॉस्किटो’ बोटी देता येणार नाहीत असंही ते सांगतात, कारण १९१७चा कायदा आड येतो. लोक पहिला अर्धा भाग सांगतात, दुसरा विसरतात. हे मत ॲटर्नी जनरलच्या अधिकृत मतांच्या ३९व्या खंडात पृष्ठ ४८४वर मिळेल. ते वाचलंत की लगेच १९५२च्या यंग्सटाउन खटल्यातलं, पोलाद कारखाने सरकारने ताब्यात घेतल्याबद्दलचं, त्यांचं सहमतीचं निकालपत्र काढा; अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अहवालांचा ३४३वा खंड, पृष्ठ ६३४. तोवर ते त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्यांनीच पूर्वी सरकारी वकील म्हणून केलेली विधानं सरकार त्यांच्यासमोर आधार म्हणून ठेवतं आणि न्यायमूर्ती जॅक्सन ती बंधनकारक मानायला नकार देतात.