डायमिथाइल अमाइन, ४० टक्के द्रावण: दोन वर्षांच्या वापरानंतर

आमच्या छोट्या युनिटात याचं हायड्रोक्लोराइड (हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबरचा क्षार) बनतं. तेच पुढे डायसायनडायअमाइड या रसायनाबरोबर तापवलं की मधुमेहाच्या गोळ्यांतलं मेटफॉर्मिन तयार होतं. त्यामुळे मालात जराही खोट चालत नाही.

माल चोख आहे. प्रत्येक लॉटचं टायट्रेशन (द्रावणात अमाइन किती टक्के आहे ते मोजायची चाचणी) मी स्वतः करतो. खरी धास्ती असते ती ट्रायमिथाइल अमाइन या त्याच्याच भावंडाच्या भेसळीची. मिथेनॉल आणि अमोनिया तापलेल्या उत्प्रेरकावरून गेले की मोनो, डाय, ट्राय ही तिन्ही मिथाइल अमाइन एकदमच तयार होतात, मग ऊर्ध्वपातनाने वेगळे काढावे लागतात. नाकावर विसंबू नका, शिळ्या मासळीचा वास डायलाही येतोच. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) रिपोर्ट मागून घ्या, त्यात कोणतं अमाइन किती आहे ते कळतं.

तक्रार पाठवणीची. मे महिन्यात उघड्या ट्रकमधून आलेलं एक पिंप चक्क फुगलं होतं. शुद्ध डायमिथाइल अमाइन ७ अंशांनाच उकळतं, ते उन्हात द्रावणातून सुटणारच! बूच सैल करताच वाफ उसळली, आमच्या हेल्परचे डोळे लाल झाले. पंधरा मिनिटं त्याला आयवॉशखाली धरून उभा होतो. पुरवठादाराने पिंप बदलून दिलं, पण ताडपत्री घालायला किती खर्च येतो?

आता उन्हाळ्यात रात्रीचीच गाडी मागवतो, आणि पिंप गार झाल्याशिवाय बुचाला हात लावू देत नाही.