डिझायर घेतली, आठ महिने झाले, आता खरं खरं सांगतो

आधीच सांगतो, मी काही गाडीतला एक्स्पर्ट वगैरे नाही. नाशकात इंदिरानगरला राहतो, अंबडला नोकरी, घरात आम्ही पाच जण, आई-बाबा धरून. गेल्या दसऱ्याला मारुतीची नवीन डिझायर घेतली, व्हीएक्सआय मॉडेल, पेट्रोल मॅन्युअल, आणि आता ९,४०० किमी झालेत. घेताना लोकांनी एवढं डोकं खाल्लं ना की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

डोकं खाल्लं म्हणजे काय, नाशकात राहून सेडान, म्हणजे मागे वेगळी डिक्की असलेली बसकी गाडी घेतोय म्हटल्यावर लोक असं बघतात की जणू पोरगा घर सोडून चाललाय. आमच्या कॉलनीत अर्धे लोक कुठल्या ना कुठल्या कंपनीत महिंद्राला लागणारे पार्ट बनवतात, सगळ्यांच्या दारात एसयूव्ही, आणि प्रत्येकाचा एकच डायलॉग, "अरे तेवढ्याच पैशात उंच गाडी येते की." येते ना, कोण नाही म्हणतंय. पण आमच्याकडे आधी २०१० ची लोगन होती, डिझेल, तीपण इथेच नाशकात महिंद्राच्या प्लांटला बनलेली, म्हणजे या गावाने सेडानपण बनवलीय हे लोक विसरलेत. १५ वर्षं झाली, पासिंग संपलं, परत पासिंग आणि ग्रीन टॅक्स भरण्यापेक्षा बाबा म्हणाले दे सोडून. पण लोगनने एक सवय लावून ठेवली ती म्हणजे वेगळी डिक्की.

हे ज्याला कळत नाही त्याला सांगतो. माझी बहीण निफाडला दिलीय. तिच्याकडे गेलं की रिकाम्या हाताने कोणी सोडत नाही, द्राक्षाचे दोन क्रेट, कांद्याची गोणी, मेथीच्या जुड्या, वरून एखादा भोपळा. आता ही गोणी हॅचबॅकमध्ये किंवा त्या छोट्या एसयूव्हीत मागे टाका आणि एप्रिलच्या उन्हात घरी या, पुढचे पंधरा दिवस एसी लावला की कांदा. सेडानमध्ये सीटच्या मागे पत्र्याची भिंत आहे, तिकडचं तिकडे. डिझायरची डिक्की ३८२ लिटर आहे कागदावर, कागद सोडा, या सीझनला मी द्राक्षाचे दोन क्रेट, पन्नास किलोची गोणी आणि आईची बॅग बसवली, फक्त झाकण लावताना क्रेट थोडा तिरका करावा लागला.

म्हणूनच सीएनजी घेतली नाही. शोरूमवाला पण म्हणत होता सीएनजी घ्या, कंपनी ३३.७३ चं ॲव्हरेज सांगते किलोला. खरंय, पण टाकी डिक्कीत बसते आणि मग द्राक्षाचा क्रेट मांडीवर. शिवाय हिशोब केला मी. सीएनजीला ऐंशी-नव्वद हजार जास्त, माझं महिन्याचं रनिंग अकराशे-बाराशे, तेव्हाच्या भावाने महिन्याला दोन-सव्वादोन हजार वाचले असते, म्हणजे वरचे पैसे वसूल व्हायलाच तीन-साडेतीन वर्षं. माझा मेव्हणा नाशिकरोडवरून रोज सिन्नरला एमआयडीसीत जातो, त्याच्याकडे ह्युंदाईची ऑरा आहे सीएनजी, त्याला परवडते कारण त्याचं रनिंग माझ्या डबल आहे. तो खूश आहे. फक्त पंपावरच्या लाईनीत अर्धा-पाऊण तास जातो म्हणून मोबाईलवर अख्खी मॅच बघून होते असं म्हणतो. आणि दर तीन वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करून घ्यायची असते ते त्याला मीच सांगितलं, त्याला माहीतच नव्हतं.

किमतीचं बोलायचं तर माझं नशीब जोरावर होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी सेससकट २९ टक्क्यांचा १८ वर आला. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत आणि पेट्रोलला १२०० सीसीपर्यंत, डिझायर ३९९५ मिमी, म्हणजे पाच मिमीने आत! ही चार मीटरची भानगड जुनी आहे, २००८ ला पहिली स्विफ्ट डिझायर आली ती लांब होती, मग २०१२ ला टॅक्ससाठी शेपूट छाटली, ती गाडी आठवते का, मागून कोणी करवतीने कापल्यासारखी दिसायची. आताची बरी दिसते, मागचे लाईट तर छानच आहेत. आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला आरटीओ टॅक्स ११ टक्के, तो धरून, इन्शुरन्स धरून माझी ऑन रोड साडेआठच्या आत बसली.

बसली नाही, बसवली. शोरूमचं नाव लिहीत नाही, पण कोटेशन हातात आलं तेव्हा ते बघून बाबांनी चष्मा काढून परत पुसला. ॲक्सेसरी किट, टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, हँडलिंग चार्जेस, एक्स्टेंडेड वॉरंटी, सगळं आधीच धरलेलं, जसं लग्नाच्या हॉलवाला लायटिंग आणि जनरेटर आपोआप लावतो तसं. मी विचारलं हँडलिंग म्हणजे नक्की काय हँडल केलं, तर तो पोरगा म्हणे "सर ते सगळ्यांनाच असतं." मी म्हटलं लेखी दे, कशाचं घेतोस ते. दहा मिनिटं आत जाऊन आला आणि ती ओळच गायब. इन्शुरन्सपण तिथूनच घ्या म्हणून मागे लागले, बाहेरून घेतला तर डिलिव्हरीला उशीर होईल म्हणे. इन्शुरन्स कुठूनही घेता येतो, त्याची सक्ती करता येत नाही हे डोक्यात ठेवा. मी बाहेरून कोटेशन आणलं, तेच कव्हर, झिरो डेपसकट (म्हणजे क्लेमच्या वेळी पार्टची घसारा कापत नाहीत ते), अकरा हजारांनी कमी. ते दाखवल्यावर यांचाही भाव खाली आला. मॅट आणि मडफ्लॅप मी शालिमारवरून नंतर टाकले.

अजून एक, पासिंगच्या आधी गाडी स्वतः जाऊन बघा. टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ ३२२५, म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायरचे बघा, स्टेपनीचाही. मी मोबाईलची टॉर्च घेऊन खाली वाकलो तेव्हा शोरूमवाले हसत होते, हसू देत.

आता चालवायला कशी. सिटीत मस्त, क्लच एकदम हलका, द्वारका सर्कलला वीस मिनिटं अडकलो तरी डावा पाय भरून येत नाही. लोगनच्या क्लचने माझी मांडी एका बाजूने पैलवान झाली होती. इंजिन १.२ चं, तीन सिलेंडर, ८२ पीएस. आधीच्या डिझायरला चार सिलेंडर होते, ज्यांनी ती चालवलीय त्यांना सिग्नलला उभं असताना थोडी थरथर जाणवेल, मला डिझेलवरून आल्यावर ही देवघरासारखी शांत वाटली. मनासारखं ॲव्हरेज काढायचं तर पिकअप थोडा सोडावा लागतो, हे गणित सरळ आहे. सप्तशृंगीचा घाट पाच माणसं आणि एसी लावून चढवायचा तर दुसरा गिअर टाकायला लाजायचं नाही. तिसऱ्यात ओढत बसाल तर गाडी रडते आणि मागून एसटीवाला हॉर्न मारतो तो वेगळाच. एकदा गिअरचा अंदाज आला की काही नाही, कसारा तर लक्षातही येत नाही.

ॲव्हरेज मी टाकी फुल टू फुल काढतो, स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. सिटीत १६ ते १७, सध्या कुंभमेळ्याच्या कामांनी जिकडे तिकडे खोदून ठेवलंय त्यात तर १५ पण आलाय. पुण्याला जाताना सिन्नर-संगमनेर मार्गे ९० च्या आसपास धरली की २२-२३ आरामात. कंपनी म्हणते २४.७९, ते एकदाच आलं, मी एकटा होतो, पहाटे पाचला निघालो होतो आणि एसी बंद. समृद्धीवर इगतपुरीहून आमणेपर्यंत एकदा नेली, तिथे सपाट रस्त्याला १२० ची लिमिट आहे म्हणून १२० ला धरून बघितली, १८ आलं. स्टेबल आहे पण आडवा वारा लागला की हलकी गाडी आहे हे कळतं, मी परत १०० वर आलो. बायको शेजारी होती हेही एक कारण.

पत्रा पातळ, पत्रा पातळ असं जे म्हणतात त्यांना एकच, नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टला मोठ्यांसाठी ५ स्टार मिळालेत हिला, नंतर भारत एनकॅपलाही ५. सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरतं ते) सगळ्या व्हेरियंटला. बोनेटवर बोट दाबून सेफ्टी कळत नाही हो काका (हे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्यांना).

आता ज्याची भीती सगळे घालतात ते, खालून लागते का? ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, १६३ मिमी. एकटा-दुकटा असाल तर कुठेच लागत नाही. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी स्वतःच्या मनाने एक स्पीड ब्रेकर घातलाय, त्याला ब्रेकर म्हणणं म्हणजे अंजनेरीला टेकाड म्हणणं. दिवाळीला पाच माणसं, फुल डिक्की, आणि खर्रर्र. आतले सगळे एकदम गप्प. बाबा म्हणाले, "गेलं काहीतरी." काही गेलं नव्हतं, मी जॅकवर घेऊन बघितलं, नुसता ओरखडा. तेव्हापासून तिथे गाडी तिरकी घेतो, एक एक चाक चढवतो, आणि फुल लोड असला की मागच्या टायरमध्ये हवा दारावरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी भरतो. लागत नाही. पण हे रोज करावं लागणार असेल, म्हणजे तुमचं घर मळ्यात असेल, कच्चा रस्ता असेल, तर सेडानच्या नादी लागू नका, सरळ सांगतो.

आईचं मत वेगळं. तिचे गुडघे दुखतात. मेव्हण्याच्या भावाच्या उंच गाडीत चढताना तिला स्टूल लागतं, इथे स्टूल लागत नाही, पण उतरताना हात द्यावा लागतो. तिचं वाक्य, "बसायला बरी, उठायला नको." मागे दोघं एकदम आरामात, पाय पसरून, मागे एसीची हवा येते, तिसरा मधला असेल तर तो बारीक हवा. लोगनमध्ये तिघं मांडी घालून बसायचे, ती मजा नाही. सनरूफ फक्त टॉप मॉडेलला आहे, मुलाने आठ दिवस तोंड फुगवलं. नाशिकच्या उन्हात सनरूफ काय कामाचा, तर म्हणे डोकं बाहेर काढायला. म्हणूनच नाही घेतला.

ऑफिसातल्या एका मित्राने होंडाची अमेझ घेतली सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक. मी चालवली, ट्रॅफिकमध्ये लोण्यासारखी जाते, इंजिन चार सिलेंडरचं, डिक्कीही मोठी, ४१६ लिटर. त्याला सिटीत १३ पडतं आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. गिअरचा कंटाळा असेल आणि बजेट वर जात असेल तर तीही बघून या. पण खरं सर्टिफिकेट पाहिजे असेल तर टुरिस्टवाल्यांना विचारा. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एक दादा आहेत, शिर्डी-त्र्यंबक भाड्याने करतात, त्यांच्या जुन्या डिझायरचे अडीच लाख किमी झालेत. मी विचारलं त्रास काय, तर म्हणाले, "गाडीला काय होत नाही साहेब, कमरेला होतं."

टुरिस्टवाले हीच गाडी वापरतात, त्याचा तोटा पण आहे. पांढरा कलर घेऊ नका. मी घेतला. मागच्या महिन्यात नाशिकरोड स्टेशनला पाहुण्यांना घ्यायला गेलो, उभा होतो, तर एका कुटुंबाने मागचं दार उघडून बॅग आत टाकली आणि काकू आत बसून म्हणाल्या, "शिर्डीचे किती घेणार?" मी म्हटलं काकू पाटी बघा, पांढरी आहे, घरची गाडी आहे. तर त्या उतरायच्या आधी म्हणतात, "मग सोडा की तसंच."

सर्व्हिसिंग दोन झाल्या, एक हजाराला आणि पाच हजाराला, लेबर फ्री. दोन्ही वेळा काही काम निघालं नाही. पुढची दहा हजाराला, ती आता आलीच.

आणि आतला तो बेज कलर. दिसायला श्रीमंत, पण पोरं असलेल्या घरात तो कोणी सुचवला देव जाणे. रविवारी मिसळीचं पार्सल आणलं, रश्शाची पिशवी मागच्या सीटवर कलंडली आणि तर्री पार शिलाईत उतरली. लिंबू झालं, सोडा झाला, डिटेलिंगवाल्याला पंधराशे देऊन झाले, डाग गुलाबी झाला, गेला नाही. सध्या आईने त्यावर जुना टॉवेल टाकलाय आणि त्यावर कोणाला बसू देत नाही. सीट कव्हर कुठलं चांगलं, माहीत असेल तर सांगा, काळंच पाहिजे.