लोरा-ब्लूटूथ डेव्हलपमेंट किट : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या तीन जणांच्या कंपनीचे काम एकच आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या टाक्यांमध्ये किती पाणी आहे हे मोजायचे आणि त्यानुसार पंप वेळेवर चालू-बंद करायचा. ज्या पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असते आणि शुक्रवारी ते ‘उशिरा व कमी दाबाने’ येते, तिथे हे यंत्र तासभर जरी गप्प राहिले तरी सेक्रेटरींचा फोन येतो. गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही जुनी वायरिंग सोडून वायरलेसकडे वळलो आणि त्यासाठी ब्लूटूथ लो एनर्जी व लोरा (कमी विजेत लांब पोहोचणारा रेडिओ) दोन्ही एकाच मॉड्यूलवर असलेले एक डेव्हलपमेंट किट, म्हणजे नवे यंत्र घडवून पाहण्याचा संच, घेतले. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या बहुतेक तक्रारी तिच्या स्पर्धकांनाही तितक्याच लागू पडतात.

हार्डवेअरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि हे मी कौतुक म्हणूनच लिहीत आहे. मॉड्यूलवर एनआरएफ५२८४० ही चिप आहे, म्हणजे १ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) आणि २५६ केबी रॅम, तर लोरासाठी एसएक्स१२६२ आहे, जी २२ डीबीएमपर्यंत पॉवर देते. नऱ्ह्यातल्या अकरा मजली इमारतीच्या गच्चीपासून दुसऱ्या तळघरातल्या पंपाच्या खोलीपर्यंत सिग्नल पोहोचला. एवढ्या काँक्रीटमधून २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय पोहोचेल ही अपेक्षा आम्ही कधीच केली नव्हती. नऊ महिन्यांत चौदा यंत्रांपैकी एकही मॉड्यूल मेले नाही.

त्रास झाला तो सॉफ्टवेअरच्या बाजूने, आणि त्याला एक चेहरा आहे : उणे ११६. किटची एसडीके, म्हणजे प्रोग्राम लिहिण्यासाठी दिलेली सामग्री, जेफिर या छोट्या यंत्रांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बेतलेली आहे आणि जेफिरच्या यादीत या आकड्याचा अर्थ ‘वेळ संपली’ असा आहे. यंत्र गेटवेला (यंत्रांचे रेडिओ-निरोप झेलून इंटरनेटवरच्या सर्व्हरला देणाऱ्या पेटीला) जोडले गेले नाही की कन्सोलवर एवढीच एक ओळ उमटते. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा कारण अगदी साधे होते. किटबरोबरचा नमुना-कोड युरोपच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यासाठी लिहिलेला होता आणि ८६८.१ मेगाहर्ट्झवर हाका मारत होता, तर आमचा गेटवे भारतासाठी ठरलेल्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ या तीन चॅनेलवर कान लावून बसला होता. कॉन्फिगरेशनमधली एक ओळ बदलायची होती. तिच्यापर्यंत पोहोचायला दोन दिवस लागले. दुसऱ्या वेळी चूक पूर्णपणे माझी होती. पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, घाईघाईत खरेदी करताना मी ४३३ मेगाहर्ट्झचा अँटेना उचलला, आणि कन्सोलवर पुन्हा तेच उणे ११६ आले.

तिसरे कारण मात्र एप्रिलपासून आमच्या मानगुटीवर बसले होते. पंपाच्या खोलीतले यंत्र विजेच्या जोडणीवर चालते, त्यामुळे वीज गेली की ते नव्याने सुरू होते. एका सोसायटीचे वॉचमनकाका मला म्हणाले, “मॅडम, लाईट गेली की याला उठायला दर वेळी जरा जास्तच वेळ लागतोय. म्हातारं झालंय का काय?” मी हसण्यावारी नेले, पण लॉग पाहिला तर काकांचे निरीक्षण शब्दशः बरोबर निघाले. लोरावॅन (लोरावरून यंत्र आणि सर्व्हर यांनी कसे बोलायचे याचे नियम) १.०.४ नुसार यंत्राने जोडणी मागताना दर वेळी आधीपेक्षा मोठा क्रमांक पाठवायचा असतो. त्याला डेव्हनॉन्स म्हणतात. तो फ्लॅशमध्ये साठवून ठेवणे अपेक्षित आहे, पण नमुना-कोडमध्ये तो साठवलेलाच नव्हता. यंत्र दर वेळी शून्यापासून सुरुवात करत असे, सर्व्हर वापरलेले क्रमांक नाकारत असे, आणि न वापरलेला क्रमांक येईपर्यंत यंत्र दर दहा मिनिटांनी एक प्रयत्न करत राही. म्हणजे पहिल्यांदा वीज गेल्यावर एक प्रयत्न वाया जातो, आणि बाराव्यांदा गेल्यावर बारा, म्हणजे दोन तास. तेवढा वेळ काका पंप हाताने चालवत होते.

येथे किटची बाजूही सांगितली पाहिजे. लोरावॅनमध्ये सर्व्हर नकार कळवत नाही, तो फक्त गप्प राहतो, त्यामुळे नेमके कारण यंत्राला कळणे शक्यच नव्हते. परंतु आपण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोललो, किती पॉवरने बोललो, कोणता डेव्हनॉन्स पाठवला आणि उत्तरासाठीच्या पाचव्या व सहाव्या सेकंदाच्या खिडक्या खरोखर उघडल्या का, हे सारे यंत्राला माहीत असते. या चार गोष्टी एका ओळीत छापल्या असत्या तर पट्टा आणि डेव्हनॉन्स या दोन्ही चुका पाच-पाच मिनिटांत सापडल्या असत्या. अँटेनासाठी डोळेच उघडे ठेवायला हवे होते. रेडिओ किती किलोमीटर जातो हे प्रत्येक माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असते. तो जोडला जात नाही तेव्हा त्याला स्वतःबद्दल काय सांगता येते, हे एकाही माहितीपत्रकात मला अजून दिसलेले नाही, आणि माझ्यासारखीचा महिन्यातला निम्मा वेळ नेमका त्यातच जातो.

वीजवापराची गोष्ट याच्याच नात्यातली आहे. गच्चीवरचे यंत्र २६०० मिलिअँपिअर-तासाच्या सेलवर चालते आणि दर पंधरा मिनिटांनी दहा बाइटचा निरोप पाठवते. झोपेत यंत्र काही मायक्रोअँपिअरच घेईल असे कागदावर होते. जानेवारीत बसवलेली पहिली यंत्रे जूनच्या तोंडावर बंद पडू लागली, तेव्हा मीटर लावला आणि झोपलेले यंत्र ६४० मायक्रोअँपिअर खाताना दिसले. डीबगसाठीचा सिरियल पोर्ट नमुना-कोडमध्ये चालूच ठेवलेला होता. तो बंद करताच सरासरी अठराच्या आसपास आली. मोजणीचे उपकरण आम्ही वेगळे विकत घेतले; ते किटबरोबरच यायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याशिवाय हेही कळत नाही की दहा बाइटचा तोच निरोप एसएफ७ वर (लोराच्या जलद वेगावर) सुमारे ६० मिलिसेकंदांत जातो आणि एसएफ१२ वर (कमकुवत सिग्नलसाठीच्या संथ वेगावर) जवळजवळ दीड सेकंद घेतो. सिग्नल कमकुवत असलेल्या जागी यंत्र बसवले तर बॅटरी का लवकर संपते, याचे सगळे उत्तर त्या फरकात आहे.

म्हणून आम्ही जागा पारखण्याची सोय स्वतः लिहिली. लोरावॅनमध्ये यंत्राला ‘माझा सिग्नल किती मार्जिनने पोहोचला’ असे विचारता येते. उत्तर आले की ते ब्लूटूथवरून फोनवर दाखवायचे, एवढेच तिचे काम. आता आमचे प्लंबर गच्चीवर यंत्र हातात धरून फिरतात, टाकीच्या मागे लाल, कठड्यापाशी पिवळा आणि लिफ्टच्या खोलीच्या भिंतीवर हिरवा असे रंग पाहतात आणि खालून विचारण्याआधीच ओरडतात, “हिरवा आला, ठोकू का खिळा?” आमच्या संपूर्ण प्रकल्पात सर्वांत जास्त वापरला जाणारा कोड हाच आहे, आणि किटच्या शेकडो नमुन्यांत याच्या जवळपास जाणारेही काही नव्हते.

त्याच ब्लूटूथवरून यंत्रात किल्ल्या (जोडणीसाठीचे गुप्त आकडे) भरताना एक गंमत झाली. दोन ओळखक्रमांक आणि किल्ली मिळून ३२ बाइट होतात. आयफोनवर ते बिनबोभाट जात, काही अँड्रॉइड फोनवर मात्र वीसच पोहोचत. ब्लूटूथच्या मूळ २३ बाइटच्या मर्यादेतून तीन बाइट हेडरला जातात; आयफोन मर्यादा वाढवण्याची बोलणी स्वतःच करतो, अँड्रॉइडवर अॅपने ती मागावी लागते. किटबरोबरच्या अॅपने ती मागितली नव्हती आणि वरून ‘यशस्वी’ असा संदेशही दाखवला होता. या संदेशाचा राग मला अजून आहे.

फर्मवेअर, म्हणजे यंत्रातला प्रोग्राम, बदलण्याची सोय मात्र उत्तम आहे. एमसीयूबूट या यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्राममुळे नवी आवृत्ती दुसऱ्या कप्प्यात उतरते, आणि सुरू झाल्यावर तिने स्वतःला पक्के केले नाही तर पुढच्या रीसेटला जुनी परत येते. जुलैच्या पावसात गच्चीवर एकदा माझ्या हातून सदोष आवृत्ती गेली आणि यंत्र आपले आपण पूर्वपदावर आले. एसडीकेची आवृत्ती बदलण्याचा अनुभव याच्या उलट आहे. एकदा बदलली तेव्हा पिनांची मांडणी पुन्हा लिहावी लागली, तेव्हापासून ती गोठवून ठेवली आहे. डब्ल्यूपीसी या दूरसंचार खात्याच्या शाखेच्या ईटीए प्रमाणपत्राची (रेडिओ उपकरणाला मिळणाऱ्या सरकारी मान्यतेची) प्रत संकेतस्थळावर सापडली नाही, ईमेल केल्यावर तीन दिवसांत आली.

पुढच्या साठ यंत्रांसाठी हेच मॉड्यूल मागवले आहे. डेव्हनॉन्स साठवण्याचा आमचा बदल मी मे महिन्यात कंपनीला पाठवला होता. त्यावर ‘कृपया नव्या आवृत्तीवर करून पाहावे’ असे उत्तर आले. मी करून पाहिले. नव्या आवृत्तीच्या नमुना-कोडमध्येही डेव्हनॉन्स शून्यापासूनच सुरू होतो.