नऊ महिन्यांच्या वापरानंतर: एमसीआरमधलं रिसोर्स शेड्युलिंग आणि ऑटोमेशन

एमसीआर म्हणजे मास्टर कंट्रोल रूम, टीव्ही वाहिनीचे सगळे सिग्नल जिथून वाटले जातात ती जागा. तिथला आमचा कारभार आधी एक्सेल शीट आणि फोनवर चालायचा. कोणता डीकोडर (बाहेरून आलेला फीड उलगडणारं उपकरण) कोणाकडे, टाय-लाइन (दोन विभागांना जोडणारी लाइन) कोणी अडवली, हे एखाद्याच्याच डोक्यात असायचं आणि त्याची शिफ्ट संपली की माहितीही त्याच्यासोबत जायची.

ही साधनं बुकिंगप्रमाणे आपोआप जोडणाऱ्या-सोडणाऱ्या नव्या प्रणालीने सर्वांत मोठा फरक पाडला तो लाइन मोकळी होण्यात. राउट करायला, म्हणजे सिग्नल हवा तिथे जोडायला, सगळेच धावतात, काम झाल्यावर सोडायची आठवण कोणालाच राहत नाही. आता बुकिंग संपलं की राउट सुटतो, मल्टिव्ह्यूअरवरचं (अनेक सिग्नल एकत्र दाखवणारा पडदा) नाव निघतं, पुढच्याला डीकोडर मोकळा दिसतो.

पण हीच गोष्ट दुसऱ्या महिन्यात अंगाशी आली. एक पत्रकार परिषद लांबली, बुकिंग ९ वाजता संपत होतं आणि ठीक ९ ला ऑन-एअर असलेला फीड सुटला. पडदा काळा. पॅनलवरून हाताने राउट परत लावेपर्यंतचे ते क्षण मी विसरणार नाही. त्यानंतर स्विचरची टॅली (कोणता सोर्स ऑन-एअर आहे हे सांगणारा संकेत) प्रणालीला जोडून घेतली: सोर्स ऑन-एअर आहे तोवर तो सुटत नाही. पुढचं बुकिंग आडवं आलं, तर निर्णय ड्यूटीवरचा माणूस घेतो. ही सोय पहिल्या दिवसापासून हवी होती.

बुकिंगचे टेम्प्लेट मात्र मनापासून आवडले. बाहेरच्या लाइव्हसाठी नुसता व्हिडिओ पुरत नाही. बातमीदाराच्या कानात त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकीचा कार्यक्रम जायला हवा, नाहीतर तो स्वतःचंच बोलणं उशिराने ऐकत अडखळतो. तो मिक्स-मायनस आता टेम्प्लेटमध्येच येतो.

एसटी २११० च्या (आयपी नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याचं मानक) भागात बँडविड्थही बुक करावी लागते. १०८०पी५० चा अनकंप्रेस्ड १०-बिट सिग्नल दोन गिगाबिटच्या थोडा वर जातो, म्हणजे १० गिगाबिटच्या लिंकवर चारच बसतात. पाचवं बुकिंग प्रणाली नाकारते, ते योग्यच. एनएमओएस (अशा नेटवर्कवरची उपकरणं सांभाळण्याची मानकं) पाळणारी उपकरणं त्यातल्या नोंदणीच्या आयएस-०४ ने आपोआप नोंदली गेली. जुन्या एसडीआय (थेट केबलवरून व्हिडिओ नेणाऱ्या) राउटरसाठी आणि इंटरकॉमसाठी वेगळे ड्रायव्हर लिहून घ्यावे लागले. इंटरकॉमचा अजूनही मधूनच तुटतो.

वापराचे अहवाल पाहिल्यावर कळलं की डीकोडर कधी कमी नव्हतेच, ते नुसते अडकून पडायचे. आणखी दोन मागायचा प्रस्ताव तयार होता, तो आम्ही मागे घेतला.